जुना जर्मन लष्करी पट्टा खरा की खोटा? मोबाईल वापरून असं ओळखा

आज विषय जरा वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सैनिकांचं सामान, म्हणजे कमरेचे पट्टे, डबे, पिशव्या, बकलं असं बरंच काही ऑनलाईन विकायला असतं आणि त्यात नकली माल भरपूर. मी स्वतः एकदा फसलोय. ‘महायुद्धातला जर्मन जेवणाचा डबा’ म्हणून सहा हजार रुपये मोजले. घरी आल्यावर दांड्यावरचा रंग नखाने खरवडला तर खाली वर्षाचा ठसा निघाला, ६५! युद्ध संपलं १९४५ ला. दांड्याचा जवळून फोटो आधीच मागितला असता तर पैसे वाचले असते.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. आणि मग मामाच्या घरी, साताऱ्याकडे, एक चामडी पट्टा हाती लागला. तो कित्येक वर्षं गोधड्यांची वळकटी बांधायला वापरात होता. मामा म्हणाला, “अरे, हा आमच्या चुलत आजोबांनी लढाईतून आणलाय.” एक जुनं सामान घेणारा त्याला पाचशे रुपयांत मागत होता. आता हा खरा की गावगप्पा? तो तपासताना मी जे केलं तेच इथे सांगतो.

आधी वस्तू कोणती ते ठरवा

जर्मन पायदळाच्या सैनिकाच्या अंगावर पट्ट्यांचं जाळंच असायचं. कमरेला साधारण साडेचार सेंटीमीटर रुंदीचा काळा चामडी पट्टा, त्याला ‘कोपेल’ म्हणतात. पुढे धातूचं चौकोनी बक्कल. भूदलाच्या बकलावर गरुड आणि ‘गॉट मिट उन्स’ म्हणजे ‘देव आमच्यासोबत’ ही अक्षरं. वायुदलाच्या बकलावर उडता गरुड असतो, पण ही अक्षरं नसतात. दोन्हींची सरमिसळ दिसली की समजायचं, कुणीतरी घरबसल्या बनवलंय.

कमरेच्या पट्ट्याला पुढे दोन्ही बाजूंना काडतुसांची पाकिटं. एका पाकिटात तीन कप्पे, एका कप्प्यात पाच-पाच गोळ्यांच्या दोन क्लिपा. म्हणजे एका बाजूला ३०, दोन्ही मिळून ६० गोळ्या. हे सगळं वजन पेलायला खांद्यावरून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे पट्टे यायचे. हे १९३९ पासून वापरात आले. पुढचे दोन पाकिटांच्या कड्यांना अडकायचे, मागचा एक कमरेच्या पट्ट्याला. आफ्रिकेच्या वाळवंटात चामडं वाळून तडकायचं, म्हणून तिथल्यासाठी हेच पट्टे नवारीचे केले गेले. तेव्हा नवारीचा दिसला म्हणून लगेच नकली म्हणू नका.

बाकी बारीक सामान: पावाची कापडी पिशवी ‘ब्रोटबॉयटेल’ आणि तिची लांब नवारीची पट्टी, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा डबा ‘कोखगेशिर’ बांधायची छोटी पट्टी, आणि पाण्याची बाटली. पाठीवरच्या पिशवीभोवती ओव्हरकोट किंवा ब्लँकेटची गुंडाळी बांधायला लांब, अरुंद चामडी पट्टे असायचे. त्यांना ‘मान्टलरीमेन’ म्हणतात, शब्दशः कोटाचे पट्टे. मामाचा पट्टा याच जातीचा वाटला: अंगठ्याएवढा रुंद, एका टोकाला एका काट्याचं बक्कल, दुसऱ्या टोकाकडे भोकांची रांग. म्हणजे तिकडे ब्लँकेट बांधायचा, इकडे गोधड्या!

पण नुसत्या आकारावर जाऊ नका. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचं सैन्य १९५५ मध्ये उभं राहिलं, पूर्व जर्मनीचं १९५६ मध्ये. दोघांच्याही बऱ्याच वस्तू जुन्या नमुन्यांवरूनच आल्या. माझा ६५ चा डबा त्यातलाच.

ठसा वाचायचा तर उजेड आडवा हवा

खरी माहिती ठशात असते. चामड्यात दाबलेला ठसा ऐंशी वर्षांत इतका बुजतो की सरळ उजेडात काहीच दिसत नाही. युक्ती सोपी आहे. खोलीत अंधार करा. एका मोबाईलचा टॉर्च पट्ट्याच्या अगदी बाजूला, जमिनीला समांतर धरा. दुसऱ्या मोबाईलने बरोबर वरून फोटो काढा. मोबाईल नाकाला लावल्यासारखा जवळ नेऊ नका, फोकस जातो आणि सावलीही पडते. दहा-पंधरा सेंटीमीटर लांब धरून दुप्पट झूम करा. मग टॉर्च चारही बाजूंना फिरवत चार-पाच फोटो घ्या. शेवटी फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं.

काय शोधायचं? युद्धाच्या सुरुवातीच्या मालावर बहुधा कारखान्याचं नाव, गाव आणि वर्ष सरळ लिहिलेलं असतं. नंतर शत्रूला कारखाने कळू नयेत म्हणून सांकेतिक खुणा आल्या. शस्त्रं बनवणाऱ्यांना अक्षरी संकेत मिळाले. कपडे, चामडं आणि पट्टे बनवणाऱ्यांच्या मालावर १९४२ च्या अखेरीपासून ‘आर बी एन आर’ नावाचा आकडा दिसू लागतो. त्याची ठेवण ठरलेली: शून्य, तिरकी रेघ, चार आकडे, तिरकी रेघ, पुन्हा चार आकडे. वायुदलाच्या मालावर ‘एल बी ए’ असा कपडे खात्याचा शिक्का सापडतो.

याउलट चार आकडे, मग १२, मग आणखी सात आकडे असा लांबलचक नंबर असेल तर तो नाटोच्या पद्धतीचा आहे. त्यातला १२ म्हणजे जर्मनी. वस्तू जर्मन आहे, पण युद्धानंतरची! ‘वेस्ट जर्मनी’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, कारण तो देशच १९४९ चा.

आणि एक गंमत. नकली माल बनवणाऱ्यांना गरुडाचा शिक्का फार आवडतो, दिसेल तिथे ठोकतात. खरं तर तो शस्त्रखात्याच्या तपासणीचा शिक्का. बंदूक, संगीन, कधीकधी काडतुसांचं पाकीट यावर तो शोभतो. साध्या कोटाच्या पट्ट्यावर ठळक, कोरा गरुड दिसला तर मी तरी पैसे देणार नाही.

फोनमधलं होकायंत्र कामाला लावा

होकायंत्रासाठी फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतो. त्याचा आकडा दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. एरवी पृथ्वीच्या क्षेत्राचा आकडा साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतो. बक्कल फोनच्या वरच्या कडेजवळ हळू हळू फिरवा. आकडा उसळला तर लोखंड किंवा पोलाद, ढिम्म राहिला तर ॲल्युमिनियम किंवा पितळ. हे कशासाठी? तर सुरुवातीला बकलं आणि रिवेट बरेचदा ॲल्युमिनियमचे असत, पुढे तो धातू विमानांना लागू लागला आणि रंगवलेलं पोलाद आलं. म्हणून १९३८ चा ठसा आणि सगळं पोलाद, असं असेल तर शंका घ्या. नुसत्या शंकेवर निकाल मात्र देऊ नका, दुरुस्त्या तेव्हाही व्हायच्याच.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर शिवणीवर मारा. आजच्या बऱ्याच धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर-पांढरी पेटल्यासारखी दिसतात. पण जुनी वस्तू कुणी डिटर्जंटने धुतली असेल तर तीही चमकते. मी ही चाचणी शेवटी करतो.

फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका. मामाच्या पट्ट्याला त्याने आधी कुत्र्याचा पट्टा ठरवलं, मग गिटारचा!

मग मामाच्या पट्ट्याचं काय झालं?

बक्कल पोलादी, गंजलेलं. आडव्या उजेडात भोकांच्या वरच्या बाजूला आकडे उमटले: शून्य, रेघ, चार, रेघ, आणि पुढचे चारपैकी तीन. म्हणजे माल १९४२ च्या अखेरीनंतरचा. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या तो काळही हाच. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच मोहिमेत. तेव्हा काळ जुळतो. पण आजोबांनी तो स्वतः तिथून आणला, हे पट्टा सांगत नाही. ते त्यांच्या लष्करी सेवेच्या कागदांतूनच कळेल. मामाने ते शोधायला घेतलेत.

पट्टा चकचकीत करायला तो खोबरेल तेल घेऊनच बसला होता, वेळेवर थांबवलं. तेल, पॉलिश काहीही लावू नका, ठसा भरून जातो. जुनं चामडं लालसर भुकटीसारखं सुटत असेल तर ते वाकवूही नका. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

हो, आणि फोटो टाकताना एक लक्षात ठेवा. बकलावरच्या गरुडाच्या पायात नाझींचं चिन्ह असतं. आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत करू नका. जर्मनीत ते जाहीरपणे दाखवणं कायद्याने गुन्हा आहे, अभ्यास आणि इतिहासाच्या कामाला सूट आहे. तिथे राहणाऱ्या मित्राला बाजारातून असं काही आणायला सांगणार असाल तर आधी ही गोष्ट त्याच्या कानावर घाला.

पाचशे रुपयेवाला परत आला होता. मामाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.