एका पैशासाठी चार खेपा

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याला गेलो की चौकातल्या किराणा दुकानात चक्कर होतेच. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, चार्जर, उंदराचं औषध, उदबत्त्या, आणि तांदळाचे पॅकबंद कट्टे. धानाच्या मुलखात लोक तांदूळ विकत घ्यायला उभे राहतात, याचं बाबांना अखेरपर्यंत नवल वाटलं.

त्यांच्या लहानपणी घरात पैसा क्वचितच असायचा. आजी पदरात धान घेऊन दुकानात जायची. शेठ ते पायलीनं मोजून घ्यायचे आणि मीठ, गूळ, मातीचं तेल द्यायचे. हंगामात मोहफुलं, जवस, लाखोरी असं सगळं त्या ओट्यावर ओतलं जायचं. घेताना पायलीवर शीग, देताना पायली सपाट. हे सांगताना आजी हसायची. मला काही एवढं हसू येत नाही.

आजीचा खरा पराक्रम मात्र 1957 चा. आदल्या नोव्हेंबरात भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, आणि 1 एप्रिलला नये पैसे आले. रुपयाचे 64 पैसे होते, ते 100 झाले. आता आण्याचं काय करायचं? सरकारी तक्त्यात एका आण्याचे 6 नये पैसे, दोनाचे 12, तिनाचे 19, चाराचे 25. आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण दोन दिवसांत तिनं मर्म ओळखलं. चार आण्यांचा गूळ एकदम घेतला तर 25 पैसे, एकेक आण्याचा चारदा घेतला तर 24! मग काय, बाबांना पिटाळलं. "जाजो, पन एका आन्याचाच मागजो." चौथ्या खेपेला शेठ पुडी बांधता बांधता म्हणाले, "तुझ्या मायला सांगजो, चार पुड्यांचा कागद माझ्या घरचा जाते."

शेर-छटाक 1962 पर्यंत गेले, पण आजीच्या तोंडातला शेर काही गेला नाही. तिच्या दृष्टीनं किलो म्हणजे अंमळ जास्तीचा शेर, आणि हिशेबानं ते खरंच आहे. शेर 933 ग्रॅमचा.

लाखोरी मात्र दुकानातून वेगळ्याच कारणानं उठली. धान कापायच्या आधी बांधीच्या ओलीत टाकलेलं हे गरिबाचं कडधान्य. ते सतत खाल्ल्यानं पाय लुळे पडतात म्हणून 1961 मध्ये विक्रीबंदीचा नियम आला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं उपोषणं करत राहिले. आमच्याकडे वरण होत राहिलं, वडे होत राहिले. फक्त ती शेठकडे न्यायची सोय राहिली नाही.

परवा गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या नातवाला सहज विचारलं, "भाऊ, धान घेता का?"

"धान? खरेदी केंद्रावर न्या ना, काका. इथं ठेवू कुठं? बिस्किटांच्या पेट्या रस्त्यावर मांडू का?"