स्वर्गातला दिवा

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण ज्या कुणा पूर्वजानं केली, त्याच्यासमोर समई असणार. फार तर कंदील. समईखाली हातभर अंधार पडतो. त्याचं कुणाला दुःख नसतं, तेवढी जागा सोडून बसलं की झालं. पण डोंगराएवढा दिवा लावून मैलोगणती अंधार पाडायचा तर ते काम समईच्यानं होत नाही. त्याला तज्ज्ञ माणसं लागतात. इंग्लंडमधल्या लंडी बेटाला १८१९ साली ती मिळाली.

लंडी हे डेव्हनच्या किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर, ब्रिस्टलचा समुद्र जिथं अटलांटिकला मिळतो तिथं आहे. लांबी पाच किलोमीटर, रुंदी एकाच्या आसपास. बिडफर्डहून किंवा इल्फ्राकूमहून बोट सुटते आणि दोनेक तासांत तुम्हांला बेटाच्या पायथ्याशी उतरवते. पायथा म्हणायचं कारण, हे बेट म्हणजे समुद्रात मांडलेला ग्रॅनाइटचा चौरंग आहे. बाजूंना कडे आणि वर सपाटी. त्यामुळे उतरल्या उतरल्या जो चढ लागतो तो संपायचं नाव घेत नाही. माझ्या बोटीतल्या दोन सत्तरीच्या इंग्रज आजीबाई काठ्या टेकत मला मागं टाकून गेल्या. जाताना, ‘हवा छान आहे, नाही का?’ असं विचारून गेल्या. मला उत्तर द्यायचं होतं हो, पण उत्तर द्यायला जी हवा लागते ती त्या चढावर मिळत नव्हती.

वर पोचलं की वारा, मेंढ्या, एक चर्च, एक खानावळ आणि पुन्हा वारा. पश्चिमेच्या कड्यांकडे चालत गेलं की सगळ्यांत उंच टेकाडावर तो जुना दीपस्तंभ उभा. तुम्हांला विचारलं असतं तरी तुम्ही याच टेकाडाकडे बोट दाखवलं असतं. दिवा उंच हवा, हे काय कुणी शिकवावं लागतं?

या बेटावर गलबतं फुटत, म्हणून ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी दीपस्तंभ बांधायची तयारी दाखवली आणि १७८७ साली पायाही घातला गेला. मनोरा उभा राहायला मात्र १८१९ उजाडलं. (आपण आपल्या नगरपालिकेला उगाच नावं ठेवतो.) शेवटी तो बांधला ट्रिनिटी हाउस या इंग्लंडचे दीपस्तंभ सांभाळणाऱ्या संस्थेनं. आराखडा डॅनियल अलेक्झांडर यांचा. यांनीच पूर्वी डार्टमूरचा प्रसिद्ध तुरुंग बांधला होता. तुरुंग काय आणि दीपस्तंभ काय, भिंती जाड लागतात आणि आतल्या माणसाला मनात आलं म्हणून बाहेर जाता येत नाही. मनोरा झाला तीस मीटरांचा, पायऱ्या १४७. टेकाडाची उंची धरून दिवा समुद्रापासून दीडशे मीटरांवर गेला.

फक्त तिथं आधीपासून एक भाडेकरू राहत होता. धुकं! अटलांटिकवरून ढग येई आणि बेटाच्या डोक्यावर ठाण मांडून बसे. खाली समुद्रावर पुष्कळदा स्वच्छ असे. म्हणजे वर दिवा दुलई पांघरून जळतो आहे आणि खाली नावाडी मोकळ्या हवेत डोळे फाडून काळोख बघताहेत. पुढं १८३० च्या दशकात हे बेट हेवन आडनावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं. हेवन म्हणजे स्वर्ग. लोक बेटाला ‘स्वर्गाचं राज्य’ म्हणू लागले. आता स्वर्गात लावलेला दिवा पृथ्वीवरच्यांना दिसत नाही, यात त्या बिचाऱ्या दिव्याचा काय दोष?

कधीकधी तो दिसेही. आणि ते जास्त वाईट. मनोऱ्यात दिवे दोन होते. खालचा स्थिर, वरचा फिरता. वरचा इतक्या झपाट्यानं फिरे की त्याची उघडझाप कळतच नसे. लांबून दोन्ही मिळून एकच स्थिर दिवा वाटे. असाच एक स्थिर दिवा फ्रान्सच्या टोकाशी, उशंट बेटावर होता. नोव्हेंबर १८२८ मध्ये ‘ला ज्यून एमा’ हे फ्रेंच जहाज मार्टिनीकहून शेर्बुर्गला निघालं होतं. धुक्यात लंडीचा दिवा दिसला. जहाजावर वाटलं, आलं उशंट, आता घर जवळ. जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर जाऊन फुटलं. १९ माणसांपैकी १३ गेली. त्यांत नेपोलियनच्या जोसेफिनची बारा वर्षांची भाची होती. तिला तिथंच पेम्ब्री गावात पुरलं. दिवा नसता तर जहाज भीत भीत गेलं असतं. दिवा होता, म्हणून खात्रीनं गेलं.

तक्रारी होत राहिल्या. त्यावर उपाय निघाला, तो मात्र दिवा खाली आणण्याचा नव्हे. दिवा दिसत नाही ना? मग ऐकू येईल असं काहीतरी करू! १८६० च्या दशकात पश्चिमेच्या कड्यावर, खालच्या अंगाला, दोन तोफा बसवल्या. धुकं पडलं की दर दहा मिनिटांनी एक बार. तोफवाल्यांची बिऱ्हाडंही तिथंच, बायकापोरांसकट. दहा दहा मिनिटांच्या अंतरानं उडणाऱ्या तोफेशेजारी ज्या आयांनी तान्ही मुलं निजवली, त्यांना एखादं पदक द्यायला हवं होतं.

अखेर १८९७ साली जुना दिवा मालवला आणि बेटाच्या उत्तर-दक्षिण टोकांना दोन बुटके दीपस्तंभ उभे केले. दिवे समुद्रापासून पन्नासेक मीटरांवर. शंभर मीटर खाली यायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. उंचावरून खाली येणं हे वर चढण्यापेक्षा अवघड, असं गिर्यारोहकही सांगतात.

पण दिवा खाली आला, तरी बघणाऱ्यानंही थोडं खाली यावं लागतं. ३० मे १९०६ च्या पहाटे ‘माँटेग्यू’ ही इंग्रज आरमाराची जंगी युद्धनौका दाट धुक्यात लंडीच्या दक्षिण टोकावर चढून बसली. अधिकाऱ्यांची समजूत अशी की आपण समोरच्या किनाऱ्यावरच्या हार्टलंडपाशी आहोत. मदतीसाठी काही मंडळी होडीनं उतरून, कडा चढून उत्तरेच्या दीपस्तंभावर गेली. ‘आमची बोट हार्टलंडजवळ अडकली आहे म्हणून कळवा,’ असं त्यांनी रखवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, ‘साहेब, हे लंडी.’ साहेब ऐकेनात. शेवटी रखवालदारानं, ‘मी कुठला दिवा सांभाळतो ते मला ठाऊक आहे,’ असं सुनावलं, अशी हकिकत सांगतात. माणसं सगळी वाचली. नौका गेली ती गेलीच. धुकं काय समुद्रावरच पडतं? हुद्द्यावरही पडतं.

जुना मनोरा आजही चढता येतो. वर काचेच्या खोलीत, जिथं दिवा होता तिथं, दोन आरामखुर्च्या मांडल्या आहेत. १४७ पायऱ्यांनंतर त्यांतल्या एकीत बसण्याचं सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. बसलो, आणि पाचच मिनिटांत ढग आला. ना समुद्र, ना बेट, ना माझे बूट. इतक्या उंचीचा खरा उपयोग हाच असावा. खुशाल बसावं, पेंगावं; फक्त तिथून कुणाला वाट दाखवू नये.

परतीच्या बोटीतून वळून पाहिलं, तर वरचा मनोरा अजून दुलईतच होता. दक्षिण टोकाचा बुटका तेवढा लख्ख दिसत होता.