वांगे, पुरळ आणि पुरावा : अन्नाची ॲलर्जी ओळखण्याचा इतिहास

दीड वर्षाच्या बाळाच्या अंगावर पुरळ आले की घरात पहिला प्रश्न येतो, "काल काय खाल्लं होतं?" मग आजी वांगे बंद करते, शेजारीण अंडे बंद करायला सांगते, आणखी कोणी दूध. आमच्या घरी हेच झाले. मुलीच्या रक्ततपासणीत सात पदार्थ 'पॉझिटिव्ह' आले. आम्ही सातही बंद केले. तीन महिन्यांनी पुरळ तसेच होते, वजन मात्र वाढायचे थांबले होते. 'याच पदार्थाने त्रास होतो' हे ठरवण्याची पद्धत कशी घडली आणि त्यात म्हैसूरचा वाटा काय, ते या पाठात पाहू.

1. शब्द आणि चाचणी

'ॲलर्जी' हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी अंडी, बदाम व ओट न सोसणाऱ्या एका मुलाची त्वचा किंचित ओरखडून त्यावर ते पदार्थ लावून पाहिले. 1921 मध्ये कार्ल प्राउसनिट्स यांनी मासे न सोसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचे, हाइन्झ क्युस्टनर यांचे, रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. म्हणजे कारण रक्तातच होते. ते प्रतिपिंड, आयजीई, 1966-67 च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी शोधले. रक्ततपासणी शक्य झाली ती त्यानंतर.

2. म्हैसूरचे वांगे

वांग्याने अंगाला खाज सुटते, हे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घरोघरी ऐकू येते. चेलुवांबा मॅन्शनमधल्या सीएफटीआरआयचे वाय. पी. वेंकटेश आणि जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयाचे पी. ए. महेश यांच्या गटाने ही समजूत तपासली. 2008 च्या त्यांच्या अभ्यासात म्हैसूरच्या 741 जणांपैकी सुमारे 9 टक्के लोकांनी वांग्याचा काही ना काही त्रास सांगितला, पण आयजीईमुळे होणारी खरी ॲलर्जी 1 टक्क्याहूनही कमी जणांत आढळली. वांग्यात मुळातच हिस्टामिन असते. त्यामुळे ॲलर्जी नसतानाही खाज सुटू शकते. आजीचे निरीक्षण खोटे नव्हते, त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा होता.

3. थोडे गणित

बंगळूरु आणि म्हैसूर भागातील प्रौढांची युरोप्रिव्हॉल-इन्को पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले, पण संभाव्य ॲलर्जी होती 1.2 टक्के लोकांना. आता 1000 माणसे घ्या. 265 जण पॉझिटिव्ह, त्यांपैकी त्रास 12 जणांना, म्हणजे शंभरात पाचांहून कमी. लक्षणे न विचारता केलेली चाचणी असा गोंधळ घालते. हे आकडे प्रौढांचे आहेत, तान्ह्या मुलांना ते जसेच्या तसे लावू नका. दूध-अंड्याची ॲलर्जी लहानपणीच अधिक दिसते आणि पुष्कळदा वयानुसार जाते. तर्क मात्र तोच राहतो.

4. मग ओळखायचे कसे?

आधी घटनाक्रम पाहायचा. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली आणि पुढच्या वेळी तेच घडले, तर संशय पक्का होतो. असा पदार्थ घरी पुन्हा देऊन पाहू नये. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठावे. महिनोन्महिने टिकणाऱ्या इसबामागे मात्र अनेकदा अन्न नसतेच. शेवटचा निवाडा डॉक्टरांसमोर पदार्थ खाऊ घालून होतो. 1976 मध्ये डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी या परीक्षेत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही पदार्थ कळू न देण्याची रीत घातली, आणि आजही तीच कसोटी मानली जाते.

आमच्या मुलीच्या सातपैकी सहा पदार्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली ताटात परत आले. बंद राहिले फक्त अंडे. यंत्रातला बिघाड शोधताना आपण सगळे भाग एकदम बदलत नाही, मग मुलाच्या ताटाला वेगळा नियम का लावावा?

विचारासाठी प्रश्न

1. 'पॉझिटिव्ह' आणि 'आजारी' यांतला फरक विभाग 3 मधील आकड्यांनी समजावून सांगा.
2. तुमच्या घरातले एक पथ्य घ्या. ते तपासण्यासाठी कोणता पुरावा लागेल, ते लिहा.