उसन्या उपायातून इमेजमॅजिक

लिनक्सवर फोल्डरभर फोटो एका ओळीच्या आज्ञेत लहान करून देणारं इमेजमॅजिक जन्माला आलं ते रसायनांच्या कंपनीत. १९८७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँटमध्ये जॉन क्रिस्टी यांच्यावर त्यांचे वरिष्ठ डॉ. डेव्हिड पेन्सॅक यांनी एक काम सोपवलं: संगणकावर तयार केलेली चित्रं एका वेळी २५६च रंग दाखवणाऱ्या पडद्यावर आणायची. २४ बिटांच्या चित्रात १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग शक्य. ते सगळे दाखवणारे पडदे तेव्हा दुर्मीळ, शिवाय महाग.

कंपनीत रसायनशास्त्रज्ञ रग्गड, पण संगणकातलं विचारायला माणूस सापडेना. क्रिस्टींनी यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर, विचारणा केली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेतले पॉल रॅव्हेलिंग यांनी उत्तरादाखल चक्क तयार कोड दाखवून दिला.

इमेजमॅजिक रंग कसे कमी करतं, ते बघण्यासारखं आहे. लाल, हिरवा, निळा या तीन बाजूंचा घन घ्यायचा, त्याचे आठ तुकडे करायचे, प्रत्येकाचे पुन्हा आठ. असं झाड वाढलं, की ज्या फांद्या तोडल्याने चित्र सर्वांत कमी बिघडेल त्या आधी तोडायच्या, २५६ रंग उरेपर्यंत. म्हणून सूर्यास्ताच्या फोटोत केशरी छटा भरपूर टिकतात, हिरव्या मोजक्याच.

पुढेही यूजनेटवरच्या जाणकारांनी क्रिस्टींच्या अनेक अडचणी सोडवल्या. त्याची परतफेड म्हणून आपली साधनं फुकट वाटायचं त्यांनी ठरवलं. वरच्या साहेबांना पटवलं पेन्सॅक यांनी. यात रसायन नव्हतं, म्हणून त्याचं मोल साहेबांच्या ध्यानात आलं नसावं, असा क्रिस्टींचा कयास. मला तो पटतो. १ ऑगस्ट १९९० रोजी इमेजमॅजिक यूजनेटवर आलं.

त्यातल्या हत्यारांपैकी 'मॉग्रिफाय' जपून वापरावं. आकार बदलायला सांगितलं, की ते मूळ फाइलवरच नवी लिहितं. रोजच्या वापरातलं मात्र 'कन्व्हर्ट' असायचं. विंडोजमध्ये त्याच नावाची आज्ञा आधीपासून होती, आणि तिचं काम डिस्कची फाइल-व्यवस्था बदलण्याचं! सातव्या आवृत्तीत मुख्य आज्ञा 'मॅजिक' झाली. 'कन्व्हर्ट' अजून चालतं, पण नव्या आवृत्त्यांत सोबत 'हे जुनं झालं' अशी ताकीदही मिळते.