विद्यापीठाच्या आवारातील वैद्यकशास्त्र : बनारस हिंदू विद्यापीठाचा अनुभव

सार्वजनिक विद्यापीठात आरोग्यविज्ञान केंद्र उभारायचे म्हटले, की प्रथम चर्चा होते ती इमारती, खाटा आणि प्रवेशसंख्या यांची. परंतु असे केंद्र विद्यापीठात का असावे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा ठरतो.

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात आयुर्वेदाचे अध्यापन प्राच्यविद्या शाखेत सुरू झाले. १९२७ मध्ये स्वतंत्र आयुर्वेद महाविद्यालय अस्तित्वात आले. आयुर्वेदाबरोबर आधुनिक वैद्यक व शल्यक्रिया शिकविणारा मिश्र अभ्यासक्रम हे त्याचे वैशिष्ट्य होते. मात्र मिश्र पदवीधरांना आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांइतकी मान्यता मिळत नसे. त्यातून देशभरातील अशा अभ्यासक्रमांत असंतोष वाढत गेला.

१९६० मध्ये विद्यापीठाने आधुनिक वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पहिले प्राचार्य होते डॉ. के. एन. उडुपा. ते याच विद्यापीठाचे आयुर्वेद पदवीधर आणि पुढे परदेशात शल्यचिकित्सेचे प्रगत शिक्षण घेतलेले. आयुर्वेदाच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. १९७१ मध्ये या महाविद्यालयाचे रूपांतर वैद्यकीय विज्ञान संस्थेत झाले व उडुपा तिचे पहिले संचालक झाले. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद आणि दंतवैद्यक या तिन्ही शाखा आज या एकाच संस्थेत नांदतात. सर सुंदरलाल रुग्णालय हे तिचे अध्यापन-रुग्णालय होय.

एकाच छताखाली असण्याचे फळ

या सहवासाचे फळ संशोधनात दिसले. मोडलेले हाड सांधण्यासाठी परंपरेने वापरल्या जाणाऱ्या कांडवेलीचा परिणाम उडुपा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासला. भगंदरावरील क्षारसूत्र या प्राचीन उपचाराला डॉ. पी. जे. देशपांडे यांनी येथेच नवजीवन दिले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे आठ आठवडे लागले, तर शस्त्रक्रियेनंतर चार. मात्र व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ व ११ टक्के होते. परंपरेचा दावा चाचणीच्या कसोटीवर घासून पाहण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

बिहारमधील गरिबांना ग्रासणाऱ्या काळ्या आजारावर डॉ. श्याम सुंदर यांनी केलेले कार्यही याच संस्थेचे. तोंडावाटे घ्यावयाचे मिल्टेफोसिन (२००२) आणि लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा (२०१०) यांच्या चाचण्यांनी या रोगाचे उपचार सुलभ केले.

खर्चाचा पेच

तथापि, या रचनेला दुसरी बाजू आहे. विद्यापीठाचा निधी शिक्षण खात्याकडून येतो. रुग्णालयावर भार मात्र पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून येणाऱ्या रुग्णांचा असतो. वर्गखोल्यांच्या हिशेबाने मोठे रुग्णालय चालत नाही. म्हणूनच ही संस्था 'एम्स'च्या धर्तीवर विकसित करण्यासाठी २०१८ मध्ये केंद्रातील आरोग्य व शिक्षण या दोन्ही खात्यांना करार करावा लागला.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग निवडला. पूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर आदी विद्यापीठांशी संलग्न होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांच्या परीक्षा व अभ्यासक्रमांत एकसूत्रता आली. मात्र वैद्यकशास्त्र हे रसायन, संख्याशास्त्र वा समाजशास्त्र शिकविणाऱ्या विद्यापीठांपासून वेगळे झाले.

विद्यापीठात आरोग्यविज्ञान केंद्र काढू पाहणाऱ्यांनी म्हणूनच दोन गोष्टींची तजवीज प्रथम करावी : रुग्णालयाच्या खर्चाची स्वतंत्र, कायम तरतूद आणि इतर विभागांशी संशोधनाचा प्रत्यक्ष संबंध. पहिलीवाचून रुग्णाची आबाळ होते. दुसरीवाचून ते केंद्र विद्यापीठात असण्याचे प्रयोजनच उरत नाही.