संबंधित त्वरा

संबंधित त्वरा : एकमेकींशी निश्चित संबंधाने निगडित असलेल्या राशी कालानुसार बदलत असताना, एकीच्या बदलाच्या त्वरेवरून (दरावरून) दुसरीची त्वरा काढण्याची अवकलन गणितातील रीत. गतिमान वस्तूंच्या बाबतीत तिचे महत्त्व असे की, वस्तूचा सर्व मार्गक्रम माहीत नसतानाही तिच्या एखाद्या क्षणीच्या वेगासंबंधी निश्चित विधान करता येते. घसरणाऱ्या शिडीच्या उदाहरणांमुळे ही रीत परीक्षेच्या सरावाचा एक प्रकार म्हणूनच बहुतेकांना परिचित असते. वस्तुतः कलनाचा उगम ज्या प्रश्नांतून झाला त्यांपैकी हा एक असून, भारतात तो ज्योतिषशास्त्रात फार पूर्वीच उपस्थित झाला होता.

ग्रहाच्या मध्यम स्थानाला मंदफल हा संस्कार देऊन भारतीय ज्योतिषी त्याचे स्पष्ट स्थान काढीत. मंदफल हे मंदकेंद्राच्या, म्हणजे ग्रह व मंदोच्च यांतील कोनीय अंतराच्या, ज्येवर अवलंबून असते. मंदकेंद्र एकसारख्या गतीने वाढते. त्याची ज्या मात्र तशी वाढत नाही. आजच्या व उद्याच्या स्पष्ट स्थानांतील अंतर घेतल्यास दिवसाची स्थूल गती मिळते, पण चंद्रासारख्या शीघ्रगती ज्योतीच्या बाबतीत तिथीचा अंत अचूक काढण्यास ती पुरत नाही. मंजुल यांच्या लघुमानस (९३२) या ग्रंथात गतीच्या संस्कारासाठी ज्येऐवजी कोटिज्या वापरण्याचा नियम आढळतो. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणीत (११५०) स्थूल व तात्कालिक गती यांतील भेद स्पष्ट केला. मंदकेंद्राच्या गतीस कोटिफलाने गुणून त्रिज्येने भागले असता गतिफल मिळते, हा त्यांचा नियम. मंदफल जेथे सर्वांत मोठे असते तेथे गतिफल शून्य होते, हेही त्यांच्या ध्यानी आले होते. सिद्धांतशिरोमणी व भास्कराचार्यांचे अन्य ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण (जि. जळगाव) येथे मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेखावरून कळते.

यावरून भास्कराचार्यांना कलनशास्त्र अवगत होते असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्यांनी सोडविलेला प्रश्न निःसंशय संबंधित त्वरांचाच आहे व उत्तरही बरोबर आहे. परंतु ते ज्येपुरते आहे. कोणत्याही संबंधाला लावता येईल अशी सर्वसाधारण रीत त्यांच्या ग्रंथात नाही.

अशी रीत आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी दिली. ऑक्टोबर १६६६ मधील टिपणात त्यांनी प्रश्न मांडला तोच गतिमान वस्तूंच्या रूपात : दोन किंवा अधिक वस्तूंनी एकाच काळात आक्रमिलेल्या रेषांमधील समीकरण दिले असता त्यांच्या वेगांमधील संबंध काढणे. आज ‘उपयोजन’ म्हणून शेवटी शिकविला जाणारा हा प्रश्न न्यूटन यांच्या दृष्टीने विषयाचा पायाच होता. पुढे बिशप बर्क्ली यांनी १७३४ मध्ये या रीतीच्या तार्किक आधारावर कठोर टीका केली. एकोणिसाव्या शतकात कोशी यांनी कलन सीमेच्या कल्पनेवर उभारले, तेव्हा व्याख्यांमधून गती बाजूला पडली. ती परत आली ती अध्यापनाच्या मार्गाने. लंडन येथील प्राध्यापक विल्यम रिची यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नवशिक्यांना विषय सुगम व्हावा म्हणून वाढत्या चौरसाच्या क्षेत्रफळासारखी उदाहरणे घातली.

शिडीचे उदाहरण रीतीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दाखविते. ५ मी. लांबीच्या शिडीचा पाया भिंतीपासून क्ष व माथा जमिनीपासून य अंतरावर असल्यास, क्ष व य यांच्या वर्गांची बेरीज नेहमी २५ असते. या समीकरणाचे कालसापेक्ष अवकलन केल्यास माथ्याचा खाली येण्याचा वेग हा पायाच्या वेगाच्या क्ष/य पट असल्याचे दिसते. पाया सेकंदास ०.५ मी. वेगाने सरकत असेल, तर तो ३ मी.वर असताना माथा सेकंदास ०.३७५ मी. वेगाने उतरतो. अवकलनापूर्वीच क्षची किंमत ३ घातल्यास चल राशी अचल होऊन उत्तर शून्य येते. विद्यार्थ्यांची ही नेहमीची चूक होय. याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे माथा जमिनीपासून १० सेंमी.वर असताना हा वेग सेकंदास सु. २५ मी. येतो आणि जमिनीशी तो अनंत होतो. खरी शिडी असे करीत नाही; तिचा माथा त्यापूर्वीच भिंतीपासून सुटतो आणि समीकरणच लागू राहत नाही. घर्षणरहित एकविध शिडी स्थिर अवस्थेतून आपल्याच भाराने घसरू लागल्यास माथा मूळ उंचीच्या दोनतृतीयांशावर येताच भिंत सोडतो. हा निष्कर्ष मात्र यामिकीचा आहे, केवळ भूमितीय संबंधातून तो निघत नाही.

विसाव्या शतकात या रीतीला अनपेक्षित उपयोग सापडला. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोडलेल्या स्पुटनिक उपग्रहाच्या रेडिओ संदेशाची कंप्रता तो जवळ येताना वाढलेली व दूर जाताना घटलेली आढळे (डॉप्लर परिणाम). या बदलावरून उपग्रहाचा वेग नव्हे, तर निरीक्षकापासूनच्या त्याच्या अंतराची त्वरा मिळते. उपग्रह सर्वांत जवळ असताना ती शून्य असते आणि त्या क्षणी कंप्रता जितकी झपाट्याने उतरते तितका उपग्रह निकट असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी अशा निरीक्षणांवरून उपग्रहाची कक्षा निश्चित केली. प्रश्न उलटा करून ज्ञात कक्षेवरून निरीक्षकाचे स्थान काढता येते, या विचारातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही मार्गनिर्देशन प्रणाली उभी राहिली. ती १९६४ मध्ये कार्यान्वित झाली व १९९६ पर्यंत वापरात होती.