हक्क आधी, पट्टा नंतर

2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते नव्याने घडले, तेव्हा काही मार्गांवर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टे आखले गेले. पण सायकलस्वाराचा रस्त्यावरचा हक्क त्या पट्ट्यांतून जन्मला नाही. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने सायकलला वाहनांत धरलेच होते, आणि 1989 च्या रस्ते-नियमांनी सायकलपट्ट्यावर गाडी घालण्यास मोटारचालकांना मनाई केली होती. पट्टे ओस पडतात, मग जागा कशाला अडवायची, असा आक्षेप घेतला जातो. पण ज्या पट्ट्यावर मोटारी उभ्या केल्या जातात, त्यावरून सायकल जाणार कशी? लातुरात शिकवणीला सायकलने निघालेल्या मुलीकडे कायदा परवाना मागत नाही. म्हणून तिचा हक्क मोटारवाल्याहून उणा ठरत नाही, पट्टा असो वा नसो.